तोडून बघणाऱ्या बाई

माझ्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला बाई आल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आमचा पहिला तयार माल तोडला. चांदीच्या ताटात झेंडूच्या पाकळ्यांवर हळदकुंकू लावून ठेवलेली ती पोलादी पिन होती. बाईंनी ती उचलली, वाईसच्या जबड्यात आवळली, कोपऱ्यातला घण घेतला आणि दोन घावांत तिचे दोन तुकडे केले. माझे यजमान पेढ्यांचा बॉक्स हातात धरून तसेच उभे राहिले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. बाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, तुटलेली बाजू खिडकीकडे धरली आणि म्हणाल्या, "फार सुंदर तुटलीय गं. चालेल तुझं काम." मग त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला.

बाई आम्हाला पॉलिटेक्निकला धातुशास्त्र शिकवायच्या. वर्गात सगळे मुलगे आणि आम्ही तीन मुली. पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतली नाही, स्वतःचं नाव सांगितलं नाही. खडूची कांडी मोडली, मग बिडाचा एक तुकडा मोडला आणि दोन्ही आमच्यात फिरवायला दिले. "वरून सगळेच गुळगुळीत असतात," त्या म्हणाल्या, "आत काय आहे ते तुटल्यावर कळतं. तेव्हा घाबरायचं नाही, तोडायचं." मुलांनी त्या दिवसापासून त्यांना तोडबाई म्हणायला सुरुवात केली. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फळ्यावर स्वतःच ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली तासाचा विषय लिहिला आणि शिकवायला लागल्या.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काचेचं एक शोकेस होतं. इतरांच्या घरी अशा शोकेसमध्ये बाहुल्या असतात, मुलांच्या ट्रॉफ्या असतात. बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या शोकेसमध्ये एसटीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा होता, सायकलचं अर्धं पेडल होतं, शेजारच्या काकूंच्या कढईचा कान होता. प्रत्येकापुढे चिठ्ठी: कुठे तुटलं, कसं तुटलं, का तुटलं. 'का'च्या पुढे काही चिठ्ठ्यांवर नुसतं प्रश्नचिन्ह असायचं, आणि आल्यागेल्याला बाई नेमक्या त्याच वस्तू काढून दाखवायच्या. आम्ही पोरी त्यांच्याकडे पोहे खायला जायचो आणि खाताना डिशपेक्षा चमच्याकडे जास्त लक्ष ठेवायचो.

एकच तुटकी वस्तू त्या शोकेसमध्ये नव्हती. ती बाईंच्या पर्समध्ये, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली असायची. बांगडीएवढ्या एका पोलादी रिंगचा अर्धा तुकडा. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी "ते नंतर" म्हणून पर्सची चेन ओढली. ज्या बाईला तुटलेल्या कढईच्या कानावर अर्धा तास बोलता यायचं ती बाई या तुकड्यावर गप्प व्हायची, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

पुढे मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची भट्टी टाकली. लोक आमच्याकडे तयार केलेले सुटे भाग आणतात आणि आम्ही ते कडक करून देतो. काम सांगायला सोपं आहे. पोलाद भट्टीत लाल करायचं, तेलाच्या टाकीत बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. मग मंद आचेवर शेकायचं, म्हणजे त्या कडकपणातला चिडकेपणा जातो. स्वभावाच्या बाबतीत हे मला कधी जमलं नाही. माझी दुसरी पायरी कायम राहून जाते, असं बाई म्हणायच्या आणि वर्कशॉपमधली सहाही माणसं मान डोलवायची.

टाळेबंदी उठली तरी काम परत आलं नाही. गाड्यांचे मोठे कारखाने अर्ध्या पाळीवर चालत होते आणि त्यांच्या जिवावर जगणारे आम्ही छोटे लोक रोज सकाळी शटर वर करून चहा पीत होतो. भट्टी आठवड्यातून दोन दिवस पेटायची. उरलेले दिवस माणसं आधीच स्वच्छ असलेली फरशी झाडायची, कारण रिकामं बसलेलं माझ्यासमोर दिसू नये असं त्यांना वाटायचं. आमचे भट्टीवाले निवृत्तीमामा, सिन्नरकडचे, उद्घाटनाच्या दिवसापासून माझ्याबरोबर. एक दिवस ते म्हणाले, "ताई, भट्टी गार पाहिली का मला घर सुतकात असल्यावानी वाटतं." दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर शटर कायमचं खाली घ्यायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत सीमेवर ताण वाढला होता. बाहेरून येणारे सुटे भाग कुठे बंदरात अडकले, कुठे धाडणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. एका सकाळी एका सरकारी कारखान्यातले साहेब आमच्या दारात उतरले. डोंगरातल्या चौक्यांवर रसद नेणाऱ्या अवजड गाड्या त्यांच्याकडे तयार होत होत्या. त्यांच्या ब्रेकमध्ये स्प्रिंगसारखी दबणारी एक रिंग लागते, ती बाहेरून यायची, ती थांबली होती. "बाकी सगळी गाडी तयार आहे," साहेब म्हणाले, "या बांगडीसाठी गाड्या आवारात उभ्या आहेत. बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आत वर पोचल्या पाहिजेत." त्यांनी जुनी रिंग माझ्या टेबलावर ठेवली. "बऱ्याच जणांना विचारून झालं. कडाक्याच्या थंडीत ही टिकली पाहिजे, आणि ते आपल्याकडे होत नाही म्हणतात. फार पूर्वी कुणीतरी करून पाहिलं होतं म्हणे, फसलं."

मी "करते" म्हणाले. कसं करायचं याची मला काडीचीही कल्पना नव्हती. साहेबांची गाडी वळते न वळते तोच मी स्कूटर काढली आणि थेट गंगापूर रोड गाठला.

बाई तेव्हा पंचाहत्तरीला टेकल्या होत्या. मी रिंग त्यांच्या हातात दिली आणि सवयीने दोन पावलं मागे सरकले. पण बाईंनी ती तोडली नाही. भिंगही लावलं नाही. तळहातावर घेऊन त्या बाल्कनीत गेल्या आणि कुंड्यांकडे पाहत बसून राहिल्या. साहेब काय म्हणाले ते त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. 'पूर्वी कुणीतरी करून पाहिलं होतं' हे वाक्य तीनदा. मग उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वर्गातली पहिली सकाळ आठवली. "उद्या आठला ये," त्या म्हणाल्या. "आणि हेल्मेट दोन आण. माझं डोकं लागणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मागच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसलेल्या बाई आणि पुढे मी, अशी आमची वरात अंबडला निघायची. बाई सिग्नलला माझ्या कानात व्याख्यान द्यायच्या. "देशाला अडचण आली की लोक विचारतात, शास्त्रज्ञ कुठे गेले? अगं, ते कुठेही जात नाहीत. कधीतरी अर्धवट सोडून दिलेल्या प्रयोगापाशीच उभे असतात. फक्त मधल्या काळात त्यांच्याकडे कुणी फिरकलेलं नसतं." शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा त्यांना विचारलं, "आजी, कोणत्या कॉलेजला?" बाई म्हणाल्या, "अंबडच्या. पहिल्या वर्षाला आहे."

पहिल्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही मागवली आणि मला बजावलं, "पहिलं पान कोरं ठेव."

"श्री लिहायला?" मी विचारलं.

"नाही. ते माझं आहे. दुसऱ्या पानापासून तुम्ही लिहायचं. जमलेलं नाही, फसलेलं. काय केलं, कुणी केलं, कसं तुटलं. ज्याच्या हातून झालं त्यानेच लिहायचं." निवृत्तीमामा चौथीत शाळा सोडलेले. ते म्हणाले, "बाई, माझं अक्षर लय वंगाळ हाय. मी सांगतो, तुम्ही ल्ह्या." बाई त्यांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसल्या. "निवृत्तीराव, हात तुमचा, भट्टी तुमची, मग अक्षर माझं कशाला? मला वाचता येतंय." मामांनी घाम पुसत तीन ओळी लिहिल्या. संध्याकाळी त्यांनी त्या पानाचा फोनवर फोटो काढून सुनेला पाठवला, हे मला नंतर कळलं.

आणि फसण्याचा सोहळा व्हायचा. हा बाईंचा नियमच होता: रिंग तुटली आणि का तुटली ते कळलं, की मिसळ. मटकी, तर्री, पापड, सोबत दही, सगळं साग्रसंगीत. जमलं तर नुसता चहा. "जमल्यावर माणूस आपोआप खूश असतो," त्या म्हणायच्या, "त्याला मिसळ कशाला? गरज फसलेल्याला असते." त्या दोन महिन्यांत आम्ही इतकी मिसळ खाल्ली की कोपऱ्यावरचा मिसळवाला मला विचारायला लागला, "ताई, आज काय तुटलं?" त्याच्या विचारण्यात चेष्टा नसायची. त्यालाही नाद लागला होता.

कारण नाद सगळ्यांनाच लागला होता. कच्च्या रिंगा शेजारच्या लेथवरून कातून यायच्या आणि फरशी झाडणारी माणसं आता भट्टीभोवती घड्याळं घेऊन उभी राहायची. तेलात किती सेकंद, शेकायचं किती वेळ, आच किती, यावर जेवणाच्या डब्यांवर वाद व्हायचे. मी घरी पोळ्या लाटताना तव्याच्या रंगावरून तापमान सांगायला लागले होते.

थंडीची परीक्षा कशी घ्यायची, हा मोठा प्रश्न होता. डोंगरावरची थंडी नाशिकमध्ये आणायची कुठून? मोठ्या प्रयोगशाळेत रांग होती. बाईंनी विचारलं, "तुझ्या सासूबाईंचा आइस्क्रीमचा पॉट आहे ना अजून?" हाताने फिरवायचा लाकडी पॉट होता, दर मे महिन्यात माळ्यावरून उतरणारा. त्यात बर्फ आणि खडेमीठ ठासलं, मधल्या डब्यात आंब्याच्या रसाऐवजी रिंगा ठेवल्या, आणि आमचे लोक आळीपाळीने दांडा फिरवायला लागले. थर्मामीटरचा पारा शून्याच्या खाली वीसच्या आसपास जाऊन बसला. मग रिंग चिमट्याने काढायची, लोखंडी ठोकळ्यावर ठेवायची आणि शिडीला बांधलेल्या कप्पीवरून वजन सोडायचं. सासूबाई स्वतः बघायला आल्या होत्या. मिठाचं प्रमाण चुकतंय हे त्यांनीच सांगितलं आणि बाईंनी ते वहीत त्यांच्याकडून लिहून घेतलं.

एका दुपारी वजन पडलं आणि रिंग तुटली नाही. दबली, आणि टणकन पुन्हा उभी राहिली. आम्ही दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. दहावीपर्यंत एकही तुटली नाही. मग मामांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत फेकली, ती भट्टीच्या धुराड्यावर जाऊन अडकली. सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चहा सांगा."

साहेबांकडून नमुने पास होऊन आले. आता दोनशे रिंगा करायच्या होत्या, आणि दसऱ्यानंतर सहा दिवसांनी साहेब स्वतः येऊन त्यातल्या हव्या त्या उचलून तपासणार होते. त्या पास झाल्या तर काम आमचं, आणि गाड्या रस्त्यावर. सगळं हातात आलं होतं. बाई निश्चिंत मनाने बहिणीकडे धुळ्याला दसऱ्याला गेल्या.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा केली. त्या वर्षी जरा जास्तच जोरात केली. भट्टीला झेंडूचे हार, पान्यांना, चिमट्यांना हळदकुंकू, आइस्क्रीमच्या पॉटलाही फूल वाहिलं. मी प्रसाद वाटत होते, मामांनी नारळ फोडला, सगळ्यांनी जयजयकार केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टी पेटवली आणि पहिल्या पन्नास रिंगा केल्या. रिवाजाप्रमाणे त्यातल्या पाच पॉटमध्ये ठेवून तपासल्या. पाचांतल्या तीन काचेसारख्या फुटल्या.

आच तीच. पोलाद तेच. सेकंद तेच. आम्ही पुन्हा केल्या, पुन्हा फुटल्या. मग माझी दुसरी पायरी राहिली ती राहिलीच. मी पोलाद देणाऱ्याला फोनवर खोटारडा म्हणाले. घड्याळ धरणाऱ्याला आंधळा म्हणाले. आणि निवृत्तीमामांना सगळ्यांसमोर म्हणाले, "वय झालं असेल तर घरी बसा." मामा भिंतीकडे तोंड करून चिमटे पुसत राहिले. आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी पकडून त्या आल्या, स्टँडवरून घरी न जाता थेट रिक्षाने, हातात बहिणीने दिलेल्या करंज्यांचा डबा. डबा माझ्या हातात कोंबला आणि फुटलेली रिंग मागितली. भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मला बोलावलं. "बघ. तुटलेली बाजू अर्धी काळपट आहे, अर्धी चकचकीत. चकचकीत भाग काल वजनाने तुटला. काळपट भाग शेकताना काळा झालाय. म्हणजे शेकायच्या आधीच तिथे भेग होती. तेलात पडल्या पडल्या गेली ही. तेलात काहीतरी आहे."

त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. "नमुने केल्यापासून आजपर्यंत इथे काय काय झालं, क्रमाने सांगा." माणसं सांगू लागली: झाडलोट, हार, पूजा, प्रसाद. मामा एकटे मान खाली घालून बसले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कुणाला काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, "चहाच्या गॅसवर ठेवायला कढलं आण."

कढलं म्हणजे आपलं फोडणीचंच. शेजारच्या चहाच्या टपरीतून आणलं. बाईंनी त्यात आधी नव्या पिंपातलं तेल पळीभर घातलं आणि गॅसवर ठेवलं. तेल तापलं, हलकी वाफ आली, आवाज काही नाही. मग कढलं पुसून, नळीने टाकीच्या तळातलं तेल काढून घातलं. "मागे व्हा," त्या म्हणाल्या. तेल तापलं. मग तडतड तडतड, मोहरी टाकावी तसा आवाज सुरू झाला आणि तेलाचे थेंब गॅसभर उडाले.

"पाणी," बाई म्हणाल्या. "तेलाखाली जाऊन बसलंय. लाल रिंग त्यात गेली की एका जागी पाणी लागतं, एका जागी तेल, आणि तडकते."

मामा उठून उभे राहिले. टोपी हातात होती. "बाई, नारळ म्या फोडला. दर साली भट्टीच्या चौथऱ्यावर फोडतो. अवंदा म्हनलं, टाकीनं लय साथ दिली, तिलाच मान देऊ. काठावर फोडला. समदं पानी आत गेलं. कालच मनात आलं व्हतं, पन ताई चिडल्या होत्या, मग बोललो नाय." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "मी जातो ताई. माझ्यामुळं गाड्या राहिल्या."

मी काही बोलायच्या आत बाईंनी मामांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग पर्स उघडली, पांढरा रुमाल काढला आणि तो अर्धा तुकडा सगळ्यांच्या मध्ये फरशीवर ठेवला.

"ही रिंग मी केलेली आहे," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची होते. एका प्रयोगशाळेत एकटी बाई. तेव्हाही असाच बाहेरून माल थांबला होता, आणि हीच रिंग आम्हाला करायला दिली होती. सगळ्या फुटल्या. आपल्याकडे हे होत नाही असा अहवाल गेला. महिन्याभराने मी भट्टी साफ करताना पाहिलं, आच मोजायची तार मीच दाराजवळ खोचली होती. आत भट्टी किती तरी जास्त तापत होती आणि मी दाराची थंड हवा मोजत होते. बघा ना, खडीसाखरेसारखे कण आहेत आत. जास्त तापलेलं पोलाद असंच तुटतं. तुटलेल्या बाजूवर सगळं लिहिलेलं होतं. वाचताही येत होतं मला." त्यांनी रुमालाची घडी घातली. "सांगायला हवं होतं. पण म्हटलं, म्हणतील, बाईला ठेवलं म्हणून असं झालं. मी गप्प बसले. तेव्हापासून ही रिंग बाहेरून येते आहे. निवृत्तीराव, तुम्ही एक दिवस गप्प बसलात. मी अठ्ठेचाळीस वर्षं."

मी मामांची माफी मागितली, सगळ्यांसमोर, जशी बोलले होते तशीच मोठ्याने. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, भट्टीजवळ मान्सं तापतातच." मग त्यांनी वही ओढली आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: टाकीत नारळाचं पाणी गेलं, फोडणारा मी, निवृत्ती. त्यांचं झाल्यावर बाईंनी वही घेतली, पहिलं कोरं पान उघडलं आणि अर्धा तास लिहीत बसल्या. खाली पूर्ण नाव घालून सही केली. त्या दिवशी मिसळ खाताना बाईंनी दोनदा तर्री मागितली.

मग जी धावपळ झाली ती मला अजून एखाद्या सणासारखी आठवते. टाकी उपसली, आतून पुसली, वाळवली, नवं तेल भरलं. पाळ्या लावल्या. आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवून फिरवून सासूबाईंचे खांदे भरून आले, पण त्या हटल्या नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी दोनशे रिंगा कागदात गुंडाळून ओळीने मांडलेल्या होत्या.

साहेब यायच्या आधी मात्र माझा धीर सुटला. वहीतलं ते नारळाचं पान फाडून टाकावं असं मी म्हणाले. सरकारी माणूस, वाचून काय म्हणेल? ब्रेकच्या रिंगा आणि हे असलं? बाईंनी हेल्मेट उचललं. "फाड," त्या म्हणाल्या, "पण मग पहिलंही फाड, आणि मला घरी सोड." मी वही टेबलावर ठेवून दिली.

साहेबांनी वीस रिंगा हव्या तशा उचलल्या. एकही तुटली नाही. मग त्यांनी वही मागितली. खुर्चीत टेकून पहिल्या पानापासून वाचायला लागले. पहिल्या पानावर ते फार वेळ थांबले, मान वर करून बाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. नारळाच्या पानापर्यंत आले तेव्हा मी पदराचं टोक पिळत होते आणि मामा दाराआड उभे होते. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं, वही मिटली आणि खिशातून फोन काढला. "जरा ऐका," ते त्यांच्या कारखान्यात कुणाला तरी सांगत होते, "आपल्याकडे खंडेनवमीला नारळ कुठे फोडले ते विचारा. हो, नारळ. आणि आपल्या सगळ्या तेलाच्या टाक्या आज तपासून घ्या." फोन ठेवून ते बाईंच्या पाया पडले.

बाईंनी चहा सांगितला.

गाड्या बर्फाच्या आधी वर गेल्या, एवढंच आम्हाला कळवण्यात आलं, आणि तेवढं पुरेसं होतं. भट्टी आता रोज पेटते. बाई आणखी तीन वर्षं स्कूटरवरून येत राहिल्या. काम नसलं तरी येऊन काहीतरी तोडायच्या. गेल्या पौषात त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांची पर्स मीच सांभाळत होते. तिच्यात रुमाल होता, पण रिकामा. तो तुकडा त्यांनी त्याआधीच शोकेसमध्ये ठेवला होता, इतर सगळ्यांच्या रांगेत. पुढे चिठ्ठी होती. 'का'च्या समोर प्रश्नचिन्ह नव्हतं.

शोकेस आता वर्कशॉपमध्ये आहे. यंदाच्या खंडेनवमीला मामांनी आधी त्याला हार घातला. मग कढल्यात टाकीच्या तळातलं तेल घेऊन गॅसवर ठेवलं. आमच्याकडे पूजा आता अशीच सुरू होते. सगळे हात जोडून, कान देऊन उभे राहतात. तेल तापलं, हलकी वाफ आली, आवाज आला नाही. मामांनी गॅस बंद केला, नारळ उचलला आणि तो फोडायला फाटकाबाहेर चालत गेले.